सुरेखाबाईंनी विचारलं, गोळी गिळायची कशाबरोबर?

सुरेखा बोरकुटे २००५ साली आमच्या ऑफिसात लागल्या. पहिलं दीड वर्ष त्यांची आठवण आम्हांला फोटोकॉपीच्या मशीनमध्ये कागद अडकला की व्हायची, एरवी नाही. नवरा प्रबोध एका सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला बुकित बातोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मुलगी इरा शाळेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका सिंगापुरात योगा शिकवतात, केक करतात किंवा दुसऱ्यांच्या मुलांचं गणित घेतात. सुरेखाबाईंनी यातलं काही न करता आमच्याकडे अ‍ॅडमिन असिस्टंटची खुर्ची धरली. आफ्रिकेतून काजू आणि तीळ उचलायचे आणि जगभर विकायचे, हा आमचा धंदा. मी शिरीष, तिथला शिपिंगचा मॅनेजर.

ऑफिसात मराठी माणसं चार. त्यातले तिघं पुण्या-मुंबईचे, म्हणजे स्वतःला शुद्ध समजणारे. सुरेखाबाई गडचिरोलीकडच्या. त्या "मी फाइल शोधून राहिले" म्हणाल्या की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. घरी आमची स्वतःची मुलं सिंगापुरी इंग्रजीत "डोन्ट वॉन्ट लाह" म्हणून ताट सरकवायची, ते आम्हांला गोड वाटायचं. "शोधून राहिले" मात्र कानाला टोचायचं.

सिंगापूरला येण्याआधी त्या काय करत होत्या, हे कुणी विचारलं नाही. धानोरा भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या अकरा वर्षं लॅब टेक्निशियन होत्या. तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे. पावसाळ्यात दिवसाला शंभराच्या वर काचा. हे सगळं त्यांच्या नोकरीच्या अर्जात लिहिलेलं होतं. अर्ज आमच्याच कपाटात होता. तो वाचायची गरज कुणाला पडली नव्हती.

२००७च्या सुरुवातीला आमचे डायरेक्टर निशिकांत गानू टांझानियाच्या काजूच्या पट्ट्यात जाऊन आले, ते फार हळवे होऊन. तिथल्या एका दवाखान्याबाहेर त्यांनी गरोदर बायांची रांग पाहिली होती, आणि रांगेमागच्या भिंतीवर आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव. यातलं नेमकं काय त्यांच्या मनाला लागलं, ते सांगता येत नाही. पण पुढच्या सोमवारी समिती नेमली गेली. समितीत निशिकांत, जनसंपर्क बघणारी राधिका, मी आणि इतिवृत्त लिहायला सुरेखाबाई.

पहिल्या बैठकीला एका सल्लागाराने आम्हांला विषय समजावून दिला. गरोदरपणी मलेरिया झाला तर जंतू वारेत जाऊन बसतात, बोटाच्या रक्तात कधी कधी दिसतही नाहीत. आईच्या अंगातलं रक्त कमी होतं. मूल अपुऱ्या वजनाचं जन्मतं, किंवा जन्मतच नाही. पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. उपाय मात्र सोपे होते. झोपायला औषध लावलेली मच्छरदाणी. पोटात बाळ हलायला लागलं की तीन गोळ्या एकदम, आणि किमान महिन्याने पुन्हा तीन. ताप आलाच तर ताबडतोब तपासणी आणि योग्य औषध. आम्ही गंभीरपणे माना हलवल्या आणि पुढच्या तीन बैठका मच्छरदाणीच्या रंगावर घेतल्या.

निळा की हिरवा, याचा निर्णय झाला तेव्हा कंपनीचं चिन्ह कुठे छापायचं हा प्रश्न उभा राहिला. राधिकेचं म्हणणं, डोक्याच्या बाजूला, म्हणजे फोटोत दिसेल. निशिकांतना ते चारही बाजूंना हवं होतं. मी पायाच्या बाजूला मत दिलं, कारण काहीतरी मत द्यायचंच होतं. मग राधिकेने एक सुंदर पिशवी सादर केली. तिच्यात घडी घातलेली मच्छरदाणी, रिबिन बांधलेल्या डबीत तीन गोळ्या, गुलाबी बरणीत जीवनसत्त्वं, आणि हसणाऱ्या आईचं चित्र. प्रत्येक गरोदर बाईच्या हातात ही पिशवी द्यायची आणि ती घरी जाणार. निशिकांतनी पिशवी उचलून पाहिली आणि खांद्याला लावूनही पाहिली.

तेव्हा सुरेखाबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांनी विचारलं, गोळ्या घरी कशाला द्यायच्या? घरी नेलेली गोळी बाई खात नाही, ठेवून देते. नवऱ्याला ताप आला की ती त्याच्या पोटात जाते. तिने ती नर्ससमोर गिळली पाहिजे. सल्लागाराच्या एकोणिसाव्या स्लाइडवर हेच होतं, पण एकोणिसाव्या स्लाइडला आम्ही सगळे फोनमध्ये होतो.

"बरं, तिथेच गिळतील," निशिकांत म्हणाले. "त्यात काय?"

"गिळतील कशाबरोबर, सर? दवाखान्यात पाणी आहे का? आणि पेला?"

राधिका हसली, निशिकांत हसले, म्हणून मीही हसलो. आम्ही हजारो मैलांवरच्या मातांना वाचवायला बसलो होतो आणि ही बाई पेल्याची चौकशी करत होती. निशिकांतनी प्रेमळपणे सांगितलं की इतक्या बारीक गोष्टी स्थानिक पातळीवर बघितल्या जातील. सुरेखाबाईंनी मान खाली घातली. माझी खात्री आहे, त्यांनी तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला. वाटल्या गेलेल्या प्रतीत तो नव्हता.

पुढच्या बैठकीला त्यांनी ती गुलाबी बरणी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात फॉलिक अ‍ॅसिड पाच मिलिग्रॅम होतं. त्या म्हणाल्या, रोज एवढा मोठा डोस पोटात गेला तर मलेरियाच्या त्या तीन गोळ्यांचं काम होत नाही. ती गोळी जंतूची जी वाट अडवते, तीच वाट हे जीवनसत्त्व मोकळी करून देतं. शून्य पूर्णांक चार मिलिग्रॅम पुरे.

निशिकांतना हे पटेना. पाच हा आकडा शून्य पूर्णांक चारपेक्षा मोठा आहे आणि आपण उदार कंपनी आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. राधिकेने बरणीचं चित्र छापून झाल्याचं सांगितलं. मग निशिकांत जरा थंड आवाजात म्हणाले, "सुरेखा, तुम्ही मिनिट्स घ्या. मेडिकल आम्ही बघतो."

त्या खोलीत मेडिकल बघणारं कुणीच नव्हतं. मी शिपिंगवाला, निशिकांत काजूवाले, राधिका जाहिरातीतली. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कॉफीत साखर घातली.

त्या रविवारी दुपारी एका हॉटेलात निधी उभारायला जेवण झालं. छताला चाळीस फुटी मच्छरदाणी टांगली होती आणि तिच्यात चंदेरी डास लटकवले होते. आमच्या बायकांनी साड्या नेसून त्याखाली फोटो काढले. एक पाहुणा भाषणात म्हणाला की सिंगापुरात आपल्या कुंडीखालच्या ताटलीत चमचाभर पाणी साचलं तरी इन्स्पेक्टर घरी येतो, हे किती मोठं भाग्य आहे. टाळ्या झाल्या. सुरेखाबाई दारात नावं टिपून बिल्ले देत होत्या. निघताना प्रत्येकाला भेट म्हणून कंपनीचं चिन्ह छापलेला प्लॅस्टिकचा मग होता. इतका कुरूप मग मी आयुष्यात पाहिलेला नाही. चारशे मग टेबलांवरच राहिले.

सोमवारी सुरेखाबाई माझ्या केबिनमध्ये आल्या. ते मग मी मच्छरदाण्यांच्या खोक्यांबरोबर पाठवीन का, असं त्यांनी विचारलं. मला हसू आलं, मग ओशाळलो. त्यांनी आमच्या तिथल्या खरेदी कार्यालयामार्फत, जिथे वाटप व्हायचं होतं त्या दवाखान्याचा फोन मिळवला होता आणि तिथल्या नर्सशी बोलल्या होत्या. नर्सचं नाव हादिजा. वीस वर्षं ती तो दवाखाना एकटीच्या जोरावर चालवत होती, आणि सुरेखाबाईंचा फोन येईपर्यंत तिला कंपनीतून कुणी काही विचारलं नव्हतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, असं तिने सांगितलं. पेला एकच आहे, तो तिचा स्वतःचा. शंभर बाया एका पेल्याला तोंड लावायला तयार होत नाहीत, म्हणून गोळ्या घरी घेऊन जातात. आणि पुढे काय होतं ते देव जाणे.

मी ते चारशे मग खोक्यांत भरले. सुरेखाबाईंनी झाकण आणि तोटी असलेल्या चार मोठ्या बादल्या मागितल्या, त्याही घातल्या. माझ्या हातून त्या प्रकल्पात झालेलं हे पहिलं काम.

बरणीचं काम त्यांनी वेगळ्या वाटेने केलं. निशिकांतना त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. पुरवठादाराला एक साधं पत्र टाकलं, की मलेरियाच्या अमुक गोळ्या घेणाऱ्या गरोदर स्त्रियांना पाच मिलिग्रॅमची ही मात्रा चालेल का, ते कृपया लेखी कळवावं. आठ दिवसांत त्यांच्या औषधतज्ज्ञाचं उत्तर आलं. चालणार नाही, शून्य पूर्णांक चारची बरणी बदलून देतो, गैरसोयीबद्दल क्षमस्व. छापील कागद, वर चिन्ह, खाली सही. अकरा वर्षं काचा पाहिलेली बाई सांगत होती तोवर ती एक शंका होती. कागदावर आल्याबरोबर ते विज्ञान झालं. निशिकांतनी पत्र दोनदा वाचलं आणि बरण्या परत पाठवायला सांगितल्या. बैठकीत ते म्हणाले की गुणवत्तेच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही.

फेब्रुवारी २००८मध्ये वाटपाच्या समारंभाला जायचं ठरलं. निशिकांत, राधिका, मी आणि तिथलाच एक कॅमेरावाला. जायच्या तीन आठवडे आधी राधिकेने पेढे वाटले. तिला दिवस गेले होते. तिच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं की गरोदर बाईने मलेरियाच्या भागात पाऊल टाकायचं नाही. राधिका आम्हांला म्हणाली, "किती डेंजरस आहे तिथे, कल्पना नाही." हे बोलताना तिच्या हातात गरोदरपणातल्या मलेरियावरचं आमचंच पत्रक होतं. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्या जागी सुरेखाबाईंचं तिकीट निघालं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पावसाने रस्त्याचा चिखल झाला होता. सत्तर-ऐंशी बाया सकाळपासून बसल्या होत्या. कार्यक्रम आम्ही आल्याशिवाय सुरू व्हायचा नव्हता आणि आम्हांला न्याहारीला उशीर झाला होता. हादिजा उंच, काटकुळी, कमी बोलणारी. तिने निशिकांतशी हात मिळवला आणि सुरेखाबाईंना मिठी मारली. व्हरांड्यात आमच्या चार बादल्या मांडलेल्या होत्या, उकळून गाळलेलं पाणी भरलेल्या, आणि शेजारी धुतलेल्या मगांचा ढीग. सिंगापुरात कुणी हातात धरला नव्हता तो मग तिथल्या बाया घरी न्यायला मिळेल का म्हणून विचारत होत्या.

निशिकांतना फोटोसाठी एक तरुण चेहरा हवा होता. कॅमेरावाल्याने रांगेतून एका मुलीला उठवलं. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, नाव मवानाइशा, पहिलंच गरोदरपण. तिला भिंतीजवळ उभं केलं. एका हातात मग, दुसऱ्या तळहातावर तीन गोळ्या, शेजारी निशिकांत. ती भिंतीला रेलली. कॅमेरावाल्याने हसायला सांगितलं. ती हसली आणि तिचे दात वाजले.

सुरेखाबाई बादल्यांपाशी होत्या. त्या सरळ चालत आल्या आणि मुलीच्या कपाळाला हात लावला. मग हादिजाला बोलावून दोन प्रश्न विचारले. पोटात बाळ अजून हललेलं नव्हतं, तिसरा महिना होता. काल रात्रीपासून थंडी वाजत होती.

"सर, हिला ही गोळी द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "ही गोळी ताप येऊ नये म्हणून आहे. हिला ताप आहे. आणि इतक्या लवकर ही देतही नाहीत."

निशिकांत हसू न मोडता, दातांतून म्हणाले की एक फोटो होऊ द्या, कॅमेरा तयार आहे.

"मग कॅमेऱ्याला द्या."

हे त्या मराठीत म्हणाल्या. हादिजाला कळलं नसणार, पण तिने मुलीच्या तळहातावरच्या गोळ्या उचलून खिशात टाकल्या. निशिकांत माझ्याकडे वळले. वीस वर्षांच्या नोकरीत साहेब माझ्याकडे वळले की मी काय करायचं ते मला पाठ होतं. त्या दिवशी का कोण जाणे, ते माझ्या तोंडातून बाहेर पडेना. मी म्हणालो, "सर, त्यांना माहीत आहे." एवढंच.

आतल्या खोलीत कापडाखाली एक जुना सूक्ष्मदर्शक होता. दिवा नव्हता, खाली आरसा. सुरेखाबाईंनी स्टूल खिडकीपाशी ओढलं, मुलीच्या बोटातून थेंब घेतला, काच वाळवली, रंगवली, आणि आरसा फिरवून आभाळाचा उजेड पकडायचा प्रयत्न करत राहिल्या. बाहेर ढग होते. मला त्यांनी पाणी आणायला पाठवलं. बादल्यांतलं प्यायचं पाणी पुढच्या काचा धुवायला वापरायचं नाही, विहिरीचं आणा, म्हणाल्या. मी विहिरीवर गेलो. दोरी ओढताना माझा टाय बादलीत पडला आणि दोन बाया मनापासून हसल्या. आमच्या भेटीत त्यांना मिळालेली ती एकमेव करमणूक.

मी आलो तेव्हा त्या डोळा नळीला लावून बसल्या होत्या. गडचिरोलीत म्हणत असतील त्याच सुरात म्हणाल्या, "पीएफ आहे. भरपूर दिसून राहिलेत." पीएफ म्हणजे फॅल्सिपेरम, मलेरियाचा सर्वांत घातक जंतू. मग हादिजा येऊन बघून गेली. दोघींनी मिळून ठरवलं: सात दिवस क्विनाइन, आणि मुलीने दवाखान्यातच राहायचं, कारण या औषधाने रक्तातली साखर उतरते आणि तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कंपनीच्या गाडीत आमच्यासाठी बांधून आणलेला डबा होता. तो तिने खाल्ला. निशिकांत गाडीत बसून होते. त्यांचा फोटो मग दुसऱ्या, ताप नसलेल्या, सात महिन्यांच्या बाईबरोबर झाला आणि तो खरंच चांगला आला.

परत आल्यावर सुरेखाबाईंना कुणी रागावलं नाही. त्यांना समितीतून काढलं, एवढंच. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तो फोटो होता. कडेला एक कोपर दिसतं, ते त्यांचं. बाकीच्या सुरेखाबाई कापल्या गेल्या. प्रकल्पाला एक पारितोषिकही मिळालं.

हादिजा पत्रं पाठवायची, पत्ता सुरेखाबाईंचा. पूर्वी दुसऱ्यांदा गोळ्या घ्यायला दहातल्या तीन बाया यायच्या, आता सात येतात. मवानाइशाला ऑगस्टमध्ये मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे. ही चिठ्ठी घेऊन सुरेखाबाई माझ्या केबिनमध्ये आल्या. वजनाच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मला तो दोनदा वाचायला लावला. राधिकेचा मुलगा त्याच्या आदल्या महिन्यात झाला. त्याचं वजन मला आठवत नाही.

त्या दिवाळीत मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यात निशिकांतचं भाषण ठेवलं होतं. तोवर गोष्ट त्यांच्या तोंडी बसली होती. "मी समितीला पहिला प्रश्न विचारला, गोळी गिळायची कशाबरोबर?" सभागृह हेलावलं. मी तिसऱ्या रांगेत बोरकुटे कुटुंबाच्या मागे बसलो होतो. प्रबोधने बायकोकडे बघितलं. इरा कुजबुजली, "मम्मी, दॅट वॉज यू, राइट?" पाणी, बादल्या, मग, सगळं सुरेखाबाईंनी जाऊ दिलं. मग निशिकांत म्हणाले की आम्ही आग्रहाने पाच मिलिग्रॅमचं फॉलिक अ‍ॅसिड दिलं.

त्या उभ्या राहिल्या. "सर, शून्य पूर्णांक चार. पाचने गोळीचा असर जातो. इथे कुणी डॉक्टर असतील, कुणी मदत पाठवत असतील, म्हणून सांगून राहिले." आणि बसल्या.

सभागृहात "सांगून राहिले" ऐकून दोघंतिघं हसले. एक वयस्क डॉक्टर मात्र वळून म्हणाले की बाईंचं बरोबर आहे. निशिकांत पाणी प्यायले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

२००९मध्ये मंदी आली आणि प्रकल्प बंद झाला. ऑफिसातल्या ज्या जागा कमी झाल्या त्यात पहिली सुरेखाबाईंची. निरोपाच्या चहाला निशिकांतनी त्यांना फुलं दिली आणि आडनाव बोरकर असं घेतलं. हादिजाच्या दवाखान्यात तोवर सरकारने दुसरी नर्स दिली होती आणि गोळ्याही सरकारकडून येत होत्या. आमच्या जाण्याने तिथे काही अडलं नाही, ही त्यातली सर्वांत चांगली बातमी. ती मात्र आमच्या कुठल्याही अहवालात आली नाही.

सुरेखाबाईंना वुडलँड्सला एका खाजगी लॅबमध्ये काम मिळालं. गडचिरोलीचं प्रमाणपत्र इथे मानत नाहीत, म्हणून सुरुवात नमुन्यांवर नावं चिकटवण्यापासून. परवा एमआरटीच्या गाडीत भेटल्या. आता संध्याकाळचा कोर्स करतात, वर्षभरात परीक्षा आहे, वर्गात त्या सर्वांत मोठ्या. शिकवणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शक कसा धरायचा ते दाखवलं, असं त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, काही नाही, मी बघून घेतलं. त्यांचं यंत्र चांगलं आहे, त्याला दिवा आहे.